हकीकत तुझी, निष्कर्ष आमचे?

गेल्या वर्षी एका आंतरमहाविद्यालयीन वक्तृत्व स्पर्धेत मी भाग घेतला होता. विषय होता ‘मला भावलेले चरित्र’ आणि वेळ होती सात मिनिटे. इतर स्पर्धकांनी आपल्या ओळखीची थोर चरित्रे निवडली होती. मी मात्र फ्रेडरिक डग्लस हे नाव घेऊन व्यासपीठावर उभी राहिले. अमेरिकेतील मेरीलँड राज्यात गुलाम म्हणून जन्मलेला, विसाव्या वर्षी तेथून निसटलेला आणि पुढे आयुष्यभर गुलामगिरीविरुद्ध बोलत-लिहीत राहिलेला हा माणूस. पहिली पाच मिनिटे मी त्याच्या बालपणाविषयी बोलले. मालकाने त्याच्या मावशीचे हात तुळईच्या आकड्याला बांधून तिला रक्तबंबाळ होईपर्यंत फटके मारले आणि भेदरलेला लहानगा फ्रेडरिक फडताळात लपून ते पाहत राहिला, हा प्रसंग मी सांगितला. सभागृह अगदी स्तब्ध झाले होते. पुढच्या रांगेतील एका बाईंनी पदराने डोळे टिपलेले मला दिसले. शेवटची दोन मिनिटे मी, या सगळ्यातून डग्लसने काय निष्कर्ष काढले आणि मला त्यातून काय वाटते, यासाठी ठेवली होती.

निकाल लागला. मला उत्तेजनार्थ बक्षीस मिळाले. नंतर चहाच्या वेळी एका परीक्षकांनी मला जवळ बोलावून फार आपुलकीने सांगितले, “मुली, तो चाबकाचा प्रसंग उत्तम रंगवलास. पण शेवटी ते विवेचन कशाला केलेस? तेथेच थांबली असतीस तर पहिला क्रमांक तुझाच होता. विचार वगैरे मांडायला तुझे वय आहे का अजून?” मी मान डोलावली, प्रमाणपत्राची सुरळी केली आणि एस. टी.ने घरी आले.

त्यांचा सल्ला प्रामाणिक होता, याविषयी मला शंका नाही. मला गंमत वाटली ती वेगळ्याच गोष्टीची. पावणेदोनशेहून अधिक वर्षांपूर्वी खुद्द डग्लसलाही अगदी हाच सल्ला मिळाला होता. आणि तोही शत्रूंकडून नव्हे, मित्रांकडून! माझ्या प्रमाणपत्राची त्याच्या पाठीवरच्या वळांशी तुलना करण्याचा वेडेपणा मी करणार नाही. पण हा सल्ला त्याने का मानला नाही, ते मला या लेखात मांडायचे आहे. कारण डग्लसच्या आयुष्यातील खरी लढाई मला तेथेच दिसते.

प्रथम थोडी हकीकत. फ्रेडरिकचा जन्म मेरीलँडमधील टॅल्बट कौंटीत फेब्रुवारी १८१८ मध्ये झाला. ही नोंद मालकाच्या वहीत होती. ज्याचा जन्म, त्याला मात्र ती ठाऊक नव्हती. आजी बेट्सी बेली हिने त्याला वाढविले. आई हॅरिएट दूरच्या शेतावर राबत असे. दिवसभराचे काम उरकून ती रात्री कित्येक मैल चालत येई, लेकराजवळ थोडा वेळ पडून राही आणि उजाडण्यापूर्वी परत जाई. साऱ्या आयुष्यात तिची चार-पाच वेळाच भेट झाली, असे त्याने लिहून ठेवले आहे. तो सात वर्षांचा होता न होता तोच ती गेली.

१८२६ मध्ये त्याला बाल्टिमोर शहरात ह्यू ऑल्ड यांच्या घरी पाठविण्यात आले. घरधनीण सोफिया ऑल्ड हिने यापूर्वी गुलाम बाळगलेला नव्हता. तिने भोळ्या मनाने त्याला मुळाक्षरे शिकविण्यास सुरुवात केली. नवऱ्याला हे कळताच त्याने तिला थांबविले. गुलामाला वाचता आले की तो गुलाम म्हणून निकामी होतो, असे त्याचे म्हणणे. हे बोलणे मुलाने ऐकले. गुलामगिरीविरुद्धचे पहिले व्याख्यान आपण मालकाच्याच तोंडून ऐकले, अशा आशयाचे त्याने पुढे लिहिले आहे. ज्या गोष्टीला मालक इतका भितो, तीच आपल्या सुटकेची वाट, हा निष्कर्ष त्या पोराने तेथल्या तेथे काढला.

मग सुरू झाली चोरून शिकण्याची धडपड. घरातील पाव खिशात घालून तो रस्त्यावरच्या गरीब, भुकेल्या गोऱ्या पोरांना देई आणि त्यांच्याकडून वाचनाचे धडे घेई. गोदीत सुतार तासलेल्या लाकडांवर, ते जहाजाच्या कोणत्या बाजूचे ते कळावे म्हणून, खडूने अक्षरे लिहीत. ती पाहून तो लिहायला शिकला. मालकाच्या मुलाच्या जुन्या वह्यांत कोऱ्या राहिलेल्या जागा त्याने गिरवून भरून काढल्या. बारा-तेरा वर्षांचा असताना साठविलेले पन्नास सेंट देऊन त्याने ‘कोलंबियन ओरेटर’ नावाचे भाषणांचे आणि संवादांचे पुस्तक विकत घेतले. त्यात मालक व गुलाम यांच्यातील एक संवाद होता. गुलाम एकेक मुद्दा खोडून काढतो आणि अखेर मालक त्याला मुक्त करतो, असा तो संवाद.

आपल्याकडे भिंतीवरच्या सुविचारांत आणि ‘प्रेरणादायी’ पुस्तकांत डग्लस आला तर एवढाच येतो. शिका, जिद्द धरा, मोठे व्हा! पण त्याचे आत्मचरित्र वाचताना मला धक्का बसला तो पुढच्या पानांवर. वाचता येऊ लागल्यावर तो आनंदी झाला नाही. उलट त्याची झोप उडाली. आपली अवस्था दिसू लागली, पण तिच्यावरचा उपाय दिसेना. काही काळ त्याला आपल्या अडाणी सोबत्यांचा हेवा वाटला. शिक्षण म्हणजे नोकरीची पायरी, असे समजणाऱ्या आपल्याला हे चमत्कारिक वाटेल. पण अक्षराने त्याला प्रथम दिली ती अस्वस्थता, आणि त्या अस्वस्थतेतून आलेली विचार करण्याची सवय. ही सवयच पुढे सर्वांना खुपली.

ही सवय कशी होती, याची तीनच उदाहरणे देते.

गुलाम शेतावर जाता-येता गाणी म्हणत. उत्तरेकडील लोक ती ऐकून म्हणत, पाहा, किती सुखी आहेत बिचारे! डग्लसने लिहिले आहे की, सुखाचा असा पुरावा मानण्याइतकी मोठी चूक दुसरी नाही. ती गाणी म्हणजे मनावरच्या ओझ्याचा निचरा होता. रडल्यावर हलके वाटते, तसे.

नाताळ ते नववर्ष या आठवड्यात गुलामांना सुटी असे. त्या सुटीत मालक त्यांना मुद्दाम भरपूर दारू पिण्यास उत्तेजन देत. पैजा लावून पाजत. वरवर पाहणाऱ्याला हा उदारपणा वाटेल. डग्लसने त्यामागील हिशेब उलगडून दाखविला. स्वातंत्र्य म्हणजे हेच गटारात लोळणे, असे गुलामाला वाटावे आणि सुटी संपताना त्याला स्वातंत्र्याचीच शिसारी येऊन त्याने पुन्हा मुकाट्याने नांगराला हात घालावा, हा तो हिशेब. शिवाय वर्षभर कोंडलेली वाफ थोडी बाहेर गेली की बंडाची भीती नाही!

तिसरे उदाहरण मजुरीचे. पुढे बाल्टिमोरच्या गोदीत तो जहाजाच्या फळ्यांमधील फटी बुजविण्याचे काम करी. आठवड्याची सारी कमाई शनिवारी ह्यू ऑल्डच्या हातावर ठेवावी लागे. कधी सहा डॉलर आणून दिले, तर मालक खुश होऊन त्यातले सहा सेंट त्याला बक्षीस देई. कोणीही म्हणेल, काहीतरी दिले ना! डग्लसचा तर्क असा की, ज्याअर्थी मालकाला थोडे परत द्यावेसे वाटते, त्याअर्थी सगळेच माझे आहे हे तो मनातून जाणतो. या तर्कापुढे कोणत्याही अर्थशास्त्रज्ञाने हात टेकावेत.

या तिन्ही ठिकाणी हकीकत सर्वांच्या डोळ्यांसमोर होती. गाणी सगळ्यांनी ऐकली होती, सुटी सगळ्यांनी पाहिली होती. अर्थ मात्र तटस्थ प्रेक्षकांनी नेमका उलटा लावला. ज्याने भोगले त्यालाच तो बरोबर लागला. भोगणाऱ्याने भोग सांगावेत आणि त्यावर विचार करण्याचे काम बाहेरच्या, तटस्थ माणसाकडे द्यावे, असे म्हणणाऱ्यांनी या गाण्यांचे काय झाले ते लक्षात ठेवावे.

हा विचार त्याला फुकट मिळाला नव्हता. १८३४ मध्ये त्याला एडवर्ड कोव्ही नावाच्या शेतकऱ्याकडे वर्षभरासाठी देण्यात आले. बंडखोर गुलामांना वठणीवर आणण्यासाठी हा कोव्ही प्रसिद्ध होता. सहा महिने फटके खाऊन फ्रेडरिकचे शरीरच नव्हे, मनही मोडले. वाचनाची इच्छासुद्धा मेली. आणि मग ऑगस्टमध्ये एके दिवशी सोळा वर्षांच्या त्या मुलाने उलट कोव्हीची मानगूट धरली. झटापट सुमारे दोन तास चालली. त्यानंतर कोव्हीने त्याला पुन्हा कधी फटका मारला नाही. आणि आपली ख्याती जाईल म्हणून तक्रारही केली नाही. पुढच्या वर्षी दुसऱ्या शेतावर असताना फ्रेडरिकने रविवारची चोरटी शाळा चालविली. तिला चाळीसहून अधिक गुलाम येत. पकडले गेल्यास प्रत्येकाच्या पाठीवर एकोणचाळीस फटके ठरलेले!

पळून जाण्याचा १८३६ मधील पहिला बेत फुटला. दुसरा साधला, ३ सप्टेंबर १८३८ रोजी. खलाशाचा वेश, एका स्वतंत्र कृष्णवर्णीय खलाशाची उसनी कागदपत्रे, आगगाडी आणि बोट असा प्रवास करून चोवीस तासांच्या आत तो न्यूयॉर्कला पोहोचला. बाल्टिमोरमध्ये मोलकरणीचे काम करणारी अ‍ॅना मरे ही स्वतंत्र कृष्णवर्णीय स्त्री त्याच्या मागोमाग आली. तिच्या मदतीवाचून हे पलायन घडले नसते. १५ सप्टेंबरला दोघांचे लग्न झाले आणि ती न्यू बेडफर्ड या बंदरगावी गेली. तेथे फ्रेडरिक बेलीने डग्लस हे आडनाव घेतले. हातात कसब होते. पण गोरे कामगार कृष्णवर्णीयाबरोबर काम करायला तयार नाहीत म्हणून त्याला लाकडे फोडणे, कोळसा उपसणे अशी मजुरी करावी लागली. म्हणजे मुक्त प्रांतातही रंग सुटला नव्हता.

ऑगस्ट १८४१ मध्ये नँटकेट बेटावरील सभेत तो प्रथमच गोऱ्या श्रोत्यांपुढे उभा राहिला आणि घाबरत, अडखळत बोलला. ते भाषण ऐकून विल्यम लॉइड गॅरिसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याला आपल्या संस्थेचा व्याख्याता केले. गॅरिसन हे गुलामगिरी-निर्मूलन चळवळीचे थोर नेते. १८३५ मध्ये बोस्टनच्या जमावाने त्यांना दोर बांधून रस्त्यातून ओढले होते. त्यांच्या निष्ठेविषयी कोणी बोट दाखवू शकणार नाही, आणि त्यांनी व्यासपीठ दिले नसते तर जगाला डग्लस ऐकायला मिळाला नसता, हेही खरे.

पण थोड्याच दिवसांत कुरबुर सुरू झाली. रोज तीच कहाणी सांगून डग्लस कंटाळला. तो वाचत होता, विचार करीत होता. आता त्याला अन्यायाचे नुसते वर्णन पुरेना, त्याचा निषेध करावासा, मीमांसा करावीशी वाटू लागली. तेव्हा मित्रांनी त्याला समजाविले की त्याने घडलेल्या गोष्टी तेवढ्या सांगाव्यात. त्यांचे तत्त्वज्ञान पाहायला इतर मंडळी आहेत. इतके शुद्ध बोलू नये, बोलण्यात मळ्यातल्या गुलामाची भाषा थोडी राहू द्यावी. नाहीतर हा कधी गुलाम होता यावर लोकांचा विश्वास बसणार नाही, असेही सांगण्यात आले. मित्रांची भीती खोटी नव्हती. लोक खरोखरच शंका घेऊ लागले होते. गुलाम असा बोलेलच कसा?

वाचकहो, यातील पेच पाहा. चांगले बोलावे तर तो गुलाम नव्हे; गुलाम म्हणून पटावे तर वाईट बोलले पाहिजे. त्याच्या पाठीवरचे वळ समाजाला हवे होते, पण त्याच पाठीच्या वर असलेले डोके नको होते. ही दयाच होती, पण वरून खाली पाहणारी. आपणही हे करतो. परिस्थितीशी झगडून शिकणाऱ्या मुलाचा सत्कार होतो, त्याचे हाल ऐकून सभागृह हळहळते; आणि हे हाल कोणामुळे, असे तोच विचारू लागला की लोक घड्याळाकडे पाहू लागतात.

डग्लसने या पेचातून वाट काढली ती पुस्तक लिहून. १८४५ मध्ये त्याचे आत्मचरित्र बोस्टनला प्रसिद्ध झाले. मुखपृष्ठावर त्याने ते स्वतः लिहिले असल्याचे स्पष्ट छापलेले होते. त्यात त्याने मालकांची नावे, गावे, प्रसंग सारे उघड सांगितले. शंका घेणाऱ्यांची तोंडे बंद झाली. पण आता मालकाला त्याचा ठावठिकाणा कळून तो केव्हाही पकडला जाण्याची भीती निर्माण झाली. म्हणून त्याला अटलांटिक ओलांडून आयर्लंड व इंग्लंड गाठावे लागले. तेथील स्नेह्यांनी वर्गणी जमवून १८४६ मध्ये १५० पौंडांना त्याचे स्वातंत्र्य विकत घेतले. खरे बोलण्याची एवढी किंमत त्याने मोजली.

या पुस्तकातील एका गोष्टीचे मला विशेष कौतुक वाटते. आपण कसे पळालो, हे त्याने त्यात सांगितलेच नाही! वाचकांची उत्सुकता शिगेला पोहोचलेली असताना तो गप्प बसतो. सांगितले तर मदत करणारे अडचणीत येतील आणि मागून येणाऱ्यांची वाट बंद होईल, एवढेच कारण तो देतो. ती हकीकत त्याने उघड केली १८८१ मध्ये, गुलामगिरी संपून सोळा वर्षे झाल्यावर. म्हणजे काय सांगायचे, त्याचा अर्थ काय लावायचा आणि काय सांगायचे नाही, हे तिन्ही त्याने स्वतः ठरविले. लोकांचे मनोरंजन व्हावे म्हणून आपल्या दुःखाचा सगळा पडदा वर उचलायलाच हवा, असे त्याने मानले नाही.

इंग्लंडहून परतल्यावर त्याने स्वतःचे वृत्तपत्र काढण्याचे ठरविले. बोस्टनच्या मित्रांनी विरोध केला; तुझे काम बोलण्याचे, संपादनाचे नव्हे, असा त्यांचा सूर होता. डग्लस रॉचेस्टरला गेला आणि ३ डिसेंबर १८४७ रोजी ‘नॉर्थ स्टार’चा पहिला अंक निघाला. पळून जाणारे गुलाम रात्री ज्या ध्रुवताऱ्याच्या रोखाने चालत, त्याचे हे नाव. पुढे त्याचे गॅरिसन यांच्याशी मोठाच मतभेद झाला. अमेरिकेची राज्यघटना ही गुलामगिरीशी केलेला करार आहे, ती टाकून दिली पाहिजे, असे गॅरिसन यांचे मत. त्यांनी १८५४ मध्ये तिची प्रत जाहीरपणे जाळली. डग्लसही आधी तसेच मानीत होता. पण स्वतः वाचून, विचार करून १८५१ मध्ये त्याने मत बदलले. घटनेचे शब्द नीट वाचले तर ती गुलामगिरीच्या विरुद्ध वापरता येईल, तिला लाथाडण्यापेक्षा हातात घ्यावी, असे तो म्हणू लागला. गुरूला हा विश्वासघात वाटला. मला वाटते, ज्या दिवशी शिष्याने गुरूच्या विरुद्ध निष्कर्ष काढला, त्या दिवशी तो खरा मुक्त झाला.

५ जुलै १८५२ रोजी रॉचेस्टरच्या कोरिंथियन सभागृहात त्याने केलेले भाषण तर अजरामर आहे. अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनाच्या निमित्ताने बोलण्यासाठी त्याला बोलाविले होते. त्याने राष्ट्राच्या संस्थापकांचा गौरव केला. पण सारे भाषणभर तो ‘आपला’ म्हणत नाही, ‘तुमचा’ म्हणतो. तुमचे राष्ट्र, तुमचे पूर्वज, तुमचा उत्सव. गुलामाला या दिवसाशी काय कर्तव्य, असा सवाल तो समोर बसलेल्यांना टाकतो. आणि हे समोर बसलेले लोक गुलामगिरीचे विरोधक होते, बरे का! टाळ्या मिळविण्यासाठी आलेला वक्ता असा बोलत नाही. दोन वर्षांपूर्वीच, १८५० मध्ये, पळून आलेल्या गुलामांना पकडून देण्याची सक्ती करणारा कायदा झाला होता. अशा वेळी उत्सवात सामील होणे त्याला शक्यच नव्हते. तरीही भाषणाचा शेवट त्याने निराशेत केला नाही, हे मुद्दाम सांगितले पाहिजे.

१८५५ मध्ये त्याने दुसरे आत्मचरित्र लिहिले. पहिल्या पुस्तकाला गॅरिसन यांची प्रस्तावना आणि वेंडेल फिलिप्स यांचे पत्र होते. दोन गोऱ्या सज्जनांची जणू हमीपत्रे! दुसऱ्याला प्रस्तावना लिहिली जेम्स मक्यून स्मिथ यांनी. कृष्णवर्णीय म्हणून अमेरिकन महाविद्यालयांनी नाकारल्यामुळे ग्लासगोला जाऊन वैद्यकीय पदवी घेतलेले हे डॉक्टर. दहा वर्षांत डग्लस केवढा चालून आला होता, हे या दोन पुस्तकांच्या प्रस्तावनांवरून कळते.

येथे कोणी विचारील की भोगणाऱ्याचे निष्कर्ष नेहमी बरोबरच असतात का? मुळीच नाही. घटनेविषयी डग्लसला स्वतःचेच मत बदलावे लागले. १८४८ मध्ये सेनेका फॉल्सच्या परिषदेत स्त्रियांच्या मताधिकाराच्या ठरावाला ठामपणे पाठिंबा देणारा हाच माणूस १८६९ मध्ये, आज कृष्णवर्णीय पुरुषांच्या मताची निकड अधिक आहे असे म्हणाला, आणि अनेक स्त्री-कार्यकर्त्या त्याच्यावर रागावल्या. त्यांचा राग मला समजतो. पण चुकण्याचा, वाद घालण्याचा आणि मत सुधारण्याचा हक्क हाही माणूसपणाचाच भाग आहे. नुसता साक्षीदार चुकत नाही, कारण त्याला मत विचारलेलेच नसते.

आणि याच मापाने डग्लसलाही मोजले पाहिजे. ज्या अ‍ॅनाच्या मदतीने तो सुटला, जिने तो इंग्लंडमध्ये असताना चपला-बूट शिवून मुले सांभाळली, जिच्या रॉचेस्टरच्या घरात पळून आलेल्या गुलामांना भाकरी आणि निवारा मिळाला, ती अ‍ॅना जवळजवळ निरक्षरच राहिली. डग्लसच्या तीन आत्मचरित्रांत तिच्याविषयी फारच थोडे आहे. १८८२ मध्ये ती वारली. तिच्याविषयी मोकळेपणाने सांगितले ते मुलगी रोझेटा हिने, १९०० साली. अक्षरांसाठी जीव धोक्यात घालणाऱ्या माणसाच्या स्वतःच्या घरात एक आयुष्य बिनशब्दांचे गेले. हे लिहिताना डग्लसविषयीचा माझा आदर कमी होत नाही. पण हे न लिहिता पुढे गेले, तर मी त्याच्याकडून काहीच शिकले नाही असे होईल.

माझी आजी अजूनही बँकेत अंगठा उठवते. स्पर्धेहून आल्यावर मी तिला ही सारी गोष्ट सांगितली. तिने मावशीचा प्रसंग ऐकून उसासा टाकला, कोव्हीच्या झटापटीला “बरं केलं” म्हणाली, आणि शेवटी विचारले, “मग त्याची बायकू काय म्हनली?” मला उत्तर देता आले नाही. एवढ्या विद्वान परीक्षकांपैकी कोणालाही हा प्रश्न सुचला नव्हता.

१८६५ मध्ये तेराव्या घटनादुरुस्तीने अमेरिकेतील गुलामगिरी संपली. त्यानंतर आठ वर्षांनी, १८७३ मध्ये, आपल्या पुण्यात महात्मा जोतीराव फुले यांनी ‘गुलामगिरी’ प्रसिद्ध केले आणि ते अमेरिकेतील सदाचारी जनांना, गुलामांच्या मुक्तीसाठी त्यांनी केलेल्या निरपेक्ष त्यागाबद्दल, अर्पण केले. ही अर्पणपत्रिका आपण अभिमानाने सांगतो. पण ग्रंथाच्या आत काय आहे, तेही पाहिले पाहिजे. जोतीराव आणि धोंडीबा यांचा तो संवाद आहे. बाल्टिमोरच्या पोराने पन्नास सेंटला घेतलेल्या पुस्तकातही संवादच होता. जोतीरावांनी केवळ शूद्रातिशूद्रांच्या हालांचे वर्णन करून वाचकांकडे दयेची याचना केली नाही. हे हाल कोणी, कोणत्या पोथ्यांच्या आधारे आणि कशासाठी निर्माण केले, याची त्यांनी स्वतःची मीमांसा मांडली. त्या काळच्या विद्वानांना जे झोंबले ते हेच. हालांचे वर्णन कोणालाच फारसे झोंबत नाही.

डग्लस २० फेब्रुवारी १८९५ रोजी वारला. त्या दिवशीही तो स्त्रियांच्या हक्कांच्या सभेला जाऊन आला होता. मधल्या काळात तो लिंकनला भेटून कृष्णवर्णीय सैनिकांच्या समान पगारासाठी भांडला, सरकारी पदांवर राहिला, हैती देशात अमेरिकेचा प्रतिनिधी झाला. पण त्याची ही पदे मला तितकी मोठी वाटत नाहीत. मला मोठा वाटतो तो त्याचा नकार. आम्हांला फक्त तुझी हकीकत दे, या प्रेमळ मागणीला त्याने दिलेला नकार.

या अंकात माझ्यासारख्या कितीतरी जणांनी आपापल्या घराविषयी, गावाविषयी, आईबापांच्या कष्टांविषयी लिहिले असेल. आमच्यापैकी पुष्कळ जण घरातले पहिलेच पदवीपर्यंत आलेले. ते लेखन वाचून शिक्षकांचे, पाहुण्यांचे डोळे पाणावतील आणि ते पाणी खरेही असेल. पण मित्रमैत्रिणींनो, तेवढ्यावर समाधान मानू नका. आईचे हात कष्टाने खरखरीत झाले, हे लिहून झाल्यावर ते का झाले हेही लिहा. चुकलो तर पुढच्या वर्षीच्या अंकात दुरुस्त करू. अंक दर वर्षी निघतोच.

या वर्षीही मी त्या स्पर्धेत बोलणार आहे. वेळ सातच मिनिटे आहे. चाबकाचा प्रसंग या खेपेस एका मिनिटात सांगेन, अ‍ॅनासाठी एक मिनिट ठेवीन, आणि शेवटची दोन मिनिटे काही झाले तरी सोडणार नाही.

— एक विद्यार्थिनी, तृतीय वर्ष कला